एका 'थ'साठी चार हेलपाटे

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, दहावीच्या अंध मुलींना लेखनिक, म्हणजे त्या सांगतील ते पेपरात लिहिणारे, हवेत, शब्बाथ शाळेतून कोण जाईल? शब्बाथ शाळा म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग. तिथल्या आम्ही सहा जणांनी हात वर केले. दहावीच्या पेपरला लेखनिक नववीचा किंवा त्याखालचाच लागतो. त्यामुळे तरुण संघातल्या दादा-तायांना गप्प बसावं लागलं आणि आम्ही जरा फुशारलो. त्या मुलींच्या शाळेने बोर्डाच्या कोल्हापूर विभागाकडे अर्ज कधी पाठवला, मंजुरी कधी आली, कळलंही नाही. गाडी अडली ती माझ्याच शाळेच्या ऑफिसात.

परीक्षा केंद्रावर द्यायला माझं बोनाफाईड हवं होतं. माझं नाव रूथ. पवित्र शास्त्रात तसं, आधारवरही तसंच. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र पहिलीतच कुणीतरी 'रुत' लिहून ठेवलेलं. काट्यासारखं.

ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "रजिस्टरला आहे तसंच देणार." केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "आधारशी जुळत नाही, चालणार नाही." दुसऱ्यांदा गेले तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते काका लग्नाला गेलेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "नाव दुरुस्त करायचं तर प्रस्ताव करून वरून मंजुरी आणावी लागते. तीन महिने धर." परीक्षा बारा दिवसांवर! वर आणखी, "याचे मिशनकडून पैसे मिळतात का गं?" मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना 1894 सालचं वानलेस डॉक्टरांचं हॉस्पिटल आठवतं, तिथपर्यंत ठीक. पण माझे पप्पा रिक्षा चालवतात. मी बाहेर येऊन जे पुटपुटले ते प्रार्थनेत सांगण्यासारखं नव्हतं.

चौथ्या वेळी मम्मी आली. ती ऑफिसच्या खिडकीशी थांबलीच नाही, सरळ मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये. बाईंनी लेटरहेडवर दोन ओळी लिहिल्या: रजिस्टरातली 'रुत' आणि आधारवरची 'रूथ' ही एकच विद्यार्थिनी आहे. सही, गोल शिक्का, पाच मिनिटं. केंद्रावर ते पत्र चाललं. पहिल्याच दिवशी हे सांगायला भाऊसाहेबांचं काय जात होतं, मला अजून कळलेलं नाही.

हो, शिक्क्यावरून आठवलं. आमच्याकडे फोटोवरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर मागितला होता. आमच्यातल्या एकाला तेवढ्यासाठी परत पाठवलं.

पेपर मात्र छान गेले. जिच्यासाठी मी लिहायचे ती माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणून ताई. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तरी बोटं आखडतात. ती "पूर्णविराम, नवा परिच्छेद" असं सांगत जायची. इतिहासाला तिने एक सन चुकीचा सांगितला. मला बरोबर माहीत होता. पेन थांबलं, आणि ते तिला ऐकू आलं. "लिही, मी सांगते तेच," म्हणाली. लिहिलं. पर्यवेक्षक शेजारीच होते, पण ते नसते तरी तेच लिहायचं असतं.

यंदा मीच दहावीत, त्यामुळे मला जाता येणार नाही. शब्बाथ शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीआधीच रजिस्टर बघायला पाठवलं. आमच्याकडे तीन शमुवेल आहेत. एक शाळेत सॅम्युअल निघाला, एक 'समवेल'. त्याच्या आईला सांगून ठेवलंय, खिडकीशी थांबू नका, थेट मोठ्या बाईंकडे जा.