शिकवणारीचा रोज

वेंगुर्ल्याकडे काजू कारखाना चालवतो म्हटलं की धंद्यातली माणसं हमखास विचारतात, "तुमच्याकडच्या नव्या मुली इतक्या लवकर तयार कशा होतात? ट्रेनिंगला कोणाला बोलावता?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

सोलायच्या टेबलावर कोणालाच बोलावत नाही. शिकवते ती शेजारी बसलेली जुनी बाई. पण "मग आमच्याकडेही तेच चालतं" असं लगेच म्हणू नका. सोलायची मजुरी किलोवर असते. नवी मुलगी शेजारी बसली की जुनीचा हात थांबतो, आणि हात थांबला की पैसे बुडतात. "काकी, हिला जरा दाखवा हं" म्हणणं सोपं आहे, पण तो खर्च काकीच्या पदरचा होतो. ती का शिकवील? म्हणून शिकाऊ सोबत आहे तोवर आम्ही जुनीला तिच्या नेहमीच्या कमाईइतका रोज बांधून देतो. शिकणारीलाही रोजच; किलोचा हिशेब हात बसल्यावर. कुठलीही संस्था शिकवण्याबद्दल कितीही बोलो, त्या वेळेचे पैसे कोण भरतं ते मी आधी बघतो.

मग टेबलावर काय होतं ते ऐका. "जोर लावू नको गो बाय, अंगठो फिरव." वाळलेल्या गराची साल अंगठ्यानं सुटली तर सुरी लावायचीच नाही. डब्ल्यू-३२० ही अख्ख्या काजूगराची एक प्रत: एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. गर तुटला की तुकड्यांत गेला, भाव उतरला. संध्याकाळी प्रत्येकीचे तुकडे वेगळे तोलून तिच्यासमोरच बघतो. दोष दर वेळी तिचा नसतो. गर नीट वाळला नसेल तर साल चिकटून राहते. नव्या मुलीनं "आज साल सुटत नाही" म्हटलं, तर ड्रायरवाल्यानं टेबलापाशी यायलाच हवं. ती बोलते आणि तो येतो, याचा मला फार अभिमान आहे.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, धंद्यात फरक पडला का. शिबिर संपताना भरून घेतात तो फॉर्म पहिल्याच पायरीवर अडकतो. तिसरी पायरी आम्हाला रोज संध्याकाळी तराजूवर दिसते.

बाहेरचं शिक्षण लागतच नाही असं नाही. बॉयलरला प्रमाणपत्र घेतलेला माणूसच हवा, आग विझवायची तालीम जाणकारानंच घ्यावी. कटिंगला टरफलातलं तेल कातडी जाळतं. तिथे हात कसे जपायचे हे पहिली बी कापण्याआधीच शिकवतो. सोलायच्या टेबलावरची बांधून दिलेल्या रोजाची पद्धत आता ग्रेडिंगला, म्हणजे गर प्रतीप्रमाणे निवडायच्या कामालाही लावतोय. तिथल्या दोन्ही जुन्या बायकांनी आधी रोज किती ते विचारलं, आणि मगच हो म्हटलं.