फ्लॉरेन्समधला अर्धा दिवस

परदेशप्रवासाला जावे का, आणि गेल्यास त्यातून खरोखर काही हाती लागते का, हा प्रश्न निवृत्तीनंतर मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा लिहूनच ठेवावे असे वाटू लागले. विचारणारे बहुतेक जण माझ्याच वयाचे, कोल्हापूर-सांगलीकडचे, मुले मार्गी लागलेली आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आलेले असे असतात, आणि त्यांना ‘अवश्य जा’ एवढेच ऐकायचे असते. माझे उत्तर तितके सरळ नाही, कारण एकच शहर मी दोनदा पाहिले आहे आणि त्या दोन भेटींचा हिशोब एकमेकांशी जुळत नाही.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो. चौदा दिवसांत सात देश असा तो बेत होता. सकाळी सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता आणि आठला बॅगांसह बसमध्ये, हा क्रम शाळेच्या घंटेसारखा पाळला जाई. अशा सहलींची टिंगल करण्याची हल्ली पद्धत आहे. मी ती करणार नाही. पत्नीचे गुडघे, तिचा शाकाहार आणि परक्या देशात वाट चुकण्याची आम्हा दोघांनाही असलेली धास्ती लक्षात घेता, त्या कंपनीने आम्हाला सुखरूप नेऊन आणले हीच मोठी गोष्ट होती. तरीही घरी परतल्यावर मी वही उघडली तेव्हा लिहिण्याजोगे फारच थोडे निघाले. स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राऊयोख या ३,४५४ मीटर उंचीवरच्या स्थानकापर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. आयगर पर्वताचे पोट पोखरून केलेला तो मार्ग १९१२ साली पूर्ण झाला आणि त्याला सोळा वर्षे लागली, हे मी कोल्हापुरात परतल्यावर वाचले. प्रत्यक्ष तिथे असताना आमच्या गटात जेवणाच्या थाळीत लोणचे का नाही यावर चर्चा चालली होती. पॅरिसमध्ये मोनालिसाचे ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद चित्र मी पाहिले ते समोर उभ्या असलेल्या गृहस्थांच्या मोबाइलच्या पडद्यावर. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या वाट्याला अर्धा दिवस आला होता. तिथल्या मुख्य चौकात मायकेलअँजेलोच्या प्रसिद्ध डेव्हिडच्या पुतळ्यापाशी आम्ही सर्वांनी एकत्र छायाचित्र काढून घेतले. मूळ पुतळा १८७३ सालीच तिथून हलवून संग्रहालयात नेला असून चौकात उभी आहे ती त्याची प्रत, हे मला नंतर कळले. मार्गदर्शकाने ते सांगितलेही असेल. मी त्या वेळी सावली शोधत होतो.

त्या संपूर्ण सहलीतला एकच प्रसंग मला तपशिलासह आठवतो आणि तो कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाचा नाही. ऑस्ट्रियातून इटलीकडे जाताना बसचालकाने महामार्गावरच्या एका विश्रांतीच्या जागी गाडी उभी केली आणि पाऊण तास हलणार नाही असे सांगितले. पुढच्या गावी रात्रीच्या जेवणाची वेळ ठरलेली होती, त्यामुळे गटात कुरबूर सुरू झाली. कोणी त्याला जादा पैसे देऊ केले, कोणी त्याच्या मालकाशी बोलण्याची धमकी दिली. तो शांतपणे सिगारेट ओढत राहिला. मग सहलप्रमुखांनी समजावून सांगितले की युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभरात नऊ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही (आठवड्यातून दोनदा दहा तासांची मुभा असते), आणि हे सारे गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदले जात असल्याने पोलिसांनी मागितल्यास दाखवावे लागते. कोल्हापूरहून रात्री निघून पहाटे मुंबई गाठणाऱ्या आणि त्याच दिवशी परत फिरणाऱ्या चालकांच्या गाड्यांतून मी आयुष्यभर प्रवास केला, पण त्यांच्या झोपेचा हिशोब मी कधी केला नव्हता. आयफेल टॉवरची उंची मला आज आठवत नाही. ती पंचेचाळीस मिनिटे आठवतात.

म्हणून प्रवासाने माणूस शहाणा होतो या समजुतीवर माझा आता फारसा विश्वास राहिलेला नाही. देशाटनाने चातुर्य येते असे सांगणारी आर्या आपण सर्वांनी शाळेत पाठ केली, पण त्याच आर्येत पंडितांची मैत्री, सभेतला वावर आणि ग्रंथांचे वाचन हीही साधने देशाटनाच्या पंगतीलाच बसवलेली आहेत, हे आपण सोयीने विसरतो. आमच्या गटातले चाळीस जण जी मते घेऊन मुंबईच्या विमानतळावर आले होते, तीच मते घेऊन चौदा दिवसांनी घरी गेले. मीही त्यांतलाच. जे तिकडे चांगले दिसले त्याचे श्रेय कमी लोकसंख्येला आणि जे वाईट दिसले त्याचे कारण त्यांच्या संस्कृतीला, अशी वाटणी बसमध्येच उरकली होती. याउलट ‘आधी आपला देश तरी पाहा’ असे जे ठासून सांगतात, त्यांच्याशीही माझे पटत नाही, कारण त्यांतल्या कितीजणांनी अजिंठा पाहिला आहे हे विचारले की विषय बदलतो.

दुसऱ्या भेटीचे निमित्त वेगळे होते. निवृत्तीनंतर करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसण्याची सवय लागली आणि तिथे चाळता चाळता कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांच्याविषयी वाचनात आले. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम वेगळे आणि शाहू महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे. हे त्यांच्या मधले, १८७० साली वयाची जेमतेम विशी गाठलेले. समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जात असताना ते इंग्लंडला गेले, तिथे त्यांनी नियमाने रोजनिशी लिहिली, व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. त्या शहराने दहनाचा विधी कधी पाहिला नव्हता. तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुग्नोने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. मी राजाराम कॉलेजात तीन वर्षे काढली, परंतु त्या कॉलेजाच्या नावातले राजाराम हेच, ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. विद्यार्थिदशेत ते नाव शाहू महाराजांच्या पुत्राचे असावे अशी मी परस्पर समजूत करून घेतली होती. त्याहून अधिक टोचले ते हे की ज्या शहरात मी अर्धा दिवस सावली शोधत फिरलो, त्याच शहराच्या एका टोकाला या कोल्हापूरच्या राजाचे स्मारक उभे होते आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही दोघेच फ्लॉरेन्सला गेलो आणि एका घराचा दोन खोल्यांचा भाग भाड्याने घेऊन सात रात्री तिथेच राहिलो. खर्चाचे म्हणाल तर तो कमी झाला नाही. एकट्या व्हिसाचे शुल्क पहिल्या वेळी ६० युरो होते, ते आता ९० युरो झाले आहे आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. मात्र स्वतः बाजारहाट करावा लागल्यामुळे जी फजिती झाली, ती पैशांत मोजता येणार नाही. पहिल्याच संध्याकाळी किराणा दुकानात साखर शोधताना पत्नीला एका पांढऱ्या पुडीवर रोमन लिपीत ठळक अक्षरांत ‘सेल’ लिहिलेले दिसले आणि स्वस्तात मिळते आहे म्हणून तिने दोन पुड्या उचलल्या. चहा खारट झाल्यावर कळले की इटालियनमध्ये त्या चार अक्षरांचा उच्चार ‘साले’ असा होतो आणि अर्थ मीठ. पुढचे सहा दिवस हा शब्द आमच्या घरात दोन्ही भाषांतल्या अर्थांनी वापरात राहिला.

हसून झाल्यावर मात्र मी थोडा अंतर्मुख झालो. पदवी, बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी आणि तीन भाषा असूनही त्या दुकानात मी निरक्षर होतो. रेल्वेचे तिकीट खिशात असून गाडीत चढण्यापूर्वी ते फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचे असते हे मला ठाऊक नव्हते, आणि तपासनिसाने ते मला समजावले तेव्हा त्याच्या आवाजात जो कंटाळा होता तो मी लगेच ओळखला, कारण तो माझाच आवाज होता. निवृत्तिवेतनाच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या बायका चुकीच्या रकान्यात अंगठा उठवून आणत आणि मी काचेमागून ‘मावशी, नीट भरून आणा की’ असे म्हणून कागद परत सरकवत असे. रकाना म्हणजे काय, हे त्यांतल्या एकीलाही मी कधी सांगितले नाही. हे कळण्यासाठी इटलीला जायला हवे होते असे नाही, हे मलाही समजते. पण चौतीस वर्षे त्या काचेमागे बसून ते मला कळले नव्हते, हेही खरे आहे.

चौथ्या दिवशी आम्ही ट्रामने काशिने या स्थानकावर उतरलो. नदीकाठाने तीन-साडेतीन किलोमीटर पसरलेले त्याच नावाचे उद्यान तिथून सुरू होते आणि स्मारक आहे ते त्याच्या अगदी पश्चिमेच्या टोकाला. पत्नीच्या गुडघ्यांमुळे आम्ही वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक बाकावर बसत गेलो, त्यामुळे पोहोचायला दोन तास लागले. झाडी संपता संपता आपल्याकडच्या घाटांवर असते तशी एक छत्री दिसली. तिच्याखाली फेटा बांधलेल्या, मिसरूड फुटलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ही छत्री ज्या मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्यानुसार बांधली गेली, त्यांनीच पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. जवळच नदीवर उंच खांबांपासून तिरप्या तारांनी तोललेला एक मोठा पूल आहे आणि त्याला फ्लॉरेन्सचे लोक ‘इंडियानो’चा, म्हणजे त्या हिंदी माणसाचा, पूल म्हणतात. रोज हजारो मोटारी त्या नावावरून धावतात.

संगमाचे दृश्य, खरे सांगायचे तर, यथातथाच आहे. मुग्नोने पाहून मला आमच्या जयंती नाल्याची आठवण झाली. फरक इतकाच की वास येत नव्हता. आपल्याकडे प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात तिथली प्रसन्नता या ठिकाणी शोधू नये. तरीही त्या कठड्यापाशी उभा असताना माझ्या मनात महाराजांपेक्षा त्यांच्याबरोबरची माणसे अधिक आली. परक्या भाषेच्या मुलखात, नोव्हेंबरच्या थंडीत, अवघ्या विशीतल्या धन्याचे पार्थिव घेऊन त्या माणसांनी अधिकाऱ्यांना काय सांगितले असेल, आम्हाला दोन नद्या एकत्र येतात अशी जागा हवी, हे कोणत्या शब्दांत समजावले असेल आणि एवढासा ओढा दाखवल्यावर त्यांनी तो नदी म्हणून कसा स्वीकारला असेल? वाचनालयात बसून मी ‘संगमावर दहन झाले’ हे वाक्य निदान पाच वेळा वाचले होते आणि दर वेळी डोळ्यांपुढे पंचगंगेसारखे भरलेले पात्र आले होते. ते पात्र त्या दिवशी पुसले गेले. प्रवासाची किंमत वसूल झाली का, असे कोणी विचारले तर मी याच एका दुरुस्तीकडे बोट दाखवीन, आणि ती दोन माणसांच्या विमानभाड्याच्या मानाने फार लहान आहे हेही कबूल करीन.

यंदा मे महिन्यात आमचे शेजारी चौदा दिवसांच्या युरोप सहलीला निघाले. त्यांच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सला दोन तासांचा मोकळा वेळ होता, म्हणून मी त्यांना ट्रामचा मार्ग, स्थानकाचे नाव आणि उद्यानातली वाट असे सगळे एका कागदावर लिहून दिले. दोन तासांत जाऊन येणे जमणार नाही, हे मला लिहितानाच दिसत होते, तरी दिले. परतल्यावर ते आठवणीने भेटायला आले. स्मारकापर्यंत जाणे झाले नाही याबद्दल त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि माझ्यासाठी आणलेले एक चुंबक हातावर ठेवले. ते आता आमच्या फ्रिजवर आहे. त्यावर डेव्हिड आहे; मूळ की प्रत, ते मात्र चुंबकावरून सांगता येत नाही.