हातचा नसलेली सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचा, तीच. हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्क्यांचा वर्ग.

कागदावर उभा गुणाकार मांडला की गुपित लगेच उघडं पडतं. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक्के, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या रकान्यात एक एक्का, पुढच्यात दोन, असं चढत मधल्या रकान्यात नऊ, मग तसंच उतरत परत एक. कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही.

दहावा एक्का जोडा, की सगळं बिघडतं. मधला रकाना १० होतो: शून्य मांडा, हातचा एक. शेजारचे ९ त्यामुळे १० होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडचा ८ मग ९ होतो आणि तिथे थांबतं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला, उजवीकडचा शाबूत, कारण हातचा डावीकडेच जातो. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, येते ८२. प्रत्येक हातचा १० घेऊन १ देतो, म्हणजे नऊचा तोटा. दोन हातचे, अठरा गेले. (सोळाच्या पायात, म्हणजे दहाऐवजी सोळा झाले की हातचा येतो अशा पद्धतीत, मोजलं तर पंधरा एक्क्यांपर्यंत हातचा येत नाही. दोष एक्क्यांचा नाही, दहाच्या पायाचा आहे.)

अशा संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे आजच्या डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव. ओळखायची रीत सोपी: दोन्ही टोकांची बेरीज केली की मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४, मधे ४. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, मधे ९.

अवयव पाडायचे तर वर्गमुळाचे पाडा. १११११११११ = १११ × १००१००१ = ३² × ३७ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

३७ ची कसोटी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून: ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७, म्हणजे ९९९ ची तिप्पट. ९९९ = २७ × ३७, तेव्हा दोघांचाही निकाल एकदम. मात्र अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असं समजू नका. भाग जातो खरा, पण वर्गमुळाला ९ ने जातो म्हणून. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी २७ ने भाग जात नाही.

संगणकावर तपासणार असाल तर जपून. एक्सेल १५ अंकच राखतं, शेवटचे दोन शून्य करून ...६५४३०० दाखवतं. जावास्क्रिप्टची साधी संख्या २⁵³ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका धरते. त्यापुढे २⁵⁴ पर्यंत फक्त सम संख्या बसतात, म्हणून तिथे शेवटी २१ ऐवजी २० येतं. पायथॉनमध्ये १११११११११ ** २ लिहा, शेवटचा एक्का जागेवर दिसेल.