घर, वादळ आणि नैरोबी

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या पडवीची मंगलोरी कौलं वाळक्या पानांसारखी उडाली. माजघरात आई देवांचं तबक पोटाशी धरून बसली होती. तेव्हापासून घरांविषयी काहीही दिसलं की मी वाचतेच.

काल युएन-हॅबिटॅटबद्दल, म्हणजे घरं आणि शहरं यांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेबद्दल वाचलं. मानवी वस्त्यांवरच्या १९७६ च्या व्हँकुव्हर परिषदेतून १९७८ मध्ये उभी राहिलेली, नैरोबीत मुख्यालय असलेली संस्था. २०१९ पासून सर्वांत वर असेंब्ली आहे. १९३ देश, बैठक दर चार वर्षांनी. एरवी कारभार आणि बजेटवर ३६ देशांचं कार्यकारी मंडळ लक्ष ठेवतं. आमच्या भाषेत असेंब्ली म्हणजे ग्रामसभा, मंडळ म्हणजे पंचायत! आशिया-पॅसिफिकचं कार्यालय जपानात, फुकुओकाला.

या संस्थेचा भर घरं बांधून देण्यापेक्षा सरकारांना, पालिकांना धोरण आणि आखणीत मदत करण्यावर आहे. मला हेच मोलाचं वाटतं. वादळानंतर आमच्या सुतारकाकांनी एकेक वासा लोखंडी पट्टीने भिंतीवरच्या पाटाला जखडला. दोन दिवसांचं काम. हे आधी कुणी सांगितलं असतं, तर पडवी कदाचित वाचली असती.