गॅलहरचं गाव कोणतं?

गेल्या ऑक्टोबरात गेंटहून पोपरिंगेला गेलो. बेल्जियमचा हा कोपरा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीचा. पीक काढून झालेलं, शेतात नुसते खांब आणि तारा. नाशिककडे छाटणीनंतर द्राक्षाच्या बागा दिसतात तसंच, फक्त खांब तिप्पट उंच.

सायकल काढली ती थेट पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नाइन एल्म्स दफनभूमीकडे. एका मापाचे दीड हजारांवर पांढरे दगड. मला त्यातला एकच हवा होता, डेव्ह गॅलहरचा. ऑफिसातल्या न्यूझीलंडच्या मित्रानं बजावलं होतं, "एवढ्या जवळ राहतोस, कॅप्टनला भेटून ये."

1905 साली न्यूझीलंडचा रग्बी संघ जहाजानं इंग्लंडला आला, त्याचा हा कर्णधार. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याशी पहिलाच सामना, तो 55-4 नं जिंकला. त्या दौऱ्यात 'ऑल ब्लॅक्स' हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. 35 सामन्यांत हार एकच, तीही कार्डिफला वेल्सकडून 3-0. त्यात न्यूझीलंडचा एक 'ट्राय' (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणं) पंचांनी नाकारला, तो बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात! 1906 च्या 1 जानेवारीला पॅरिसमध्ये हे फ्रान्सशी खेळले. फ्रान्सचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना.

गॅलहर खेळायचा विंग-फॉरवर्डच्या जागी. दोन्हीकडचे गडी एकमेकांत खांदे अडकवून रेटारेटी करत असताना हा बाहेर उभा राहून चेंडू आत सरकवायचा आणि मग आपल्या माणसाला आड घ्यायचा. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला सरळ लबाड ठरवलं. नियमात बसत होतं की नाही, मला विचारू नका. माझी अक्कल कबड्डीपुरती. पण लाथा एवढ्या खायचा की नडगीला पॅड बांधून उतरायचा, हे मात्र मला फार आवडलं.

मला खरं ओढून नेलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हा माणूस न्यूझीलंडचा नव्हेच! जन्म आयर्लंडमधल्या रॅमेल्टनचा. 1878 मध्ये आईवडिलांबरोबर न्यूझीलंडमधल्या कातीकातीला आला, तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. तिकडे आडनावातला मधला 'ग' गळाला. (माझ्या आडनावाचं इथल्या नगरपालिकेत काय होतं, ते पुन्हा कधीतरी.) म्हणजे ज्याच्यामुळे जगानं न्यूझीलंडला ओळखलं, तो बाहेरून आलेला पोर.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जाऊन आलेला. तिथे भरती होताना वय तीन वर्षांनी घटवून सांगितलं होतं. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा घरी बायको, लहान मुलगी. चाळिशी उलटलेली, सक्ती कसलीच नाही. तरी 1916 च्या मे महिन्यात नाव नोंदवलं. भाऊ मारला गेला म्हणून सूड घ्यायला निघाला, अशी कथा सांगतात. पण भाऊ डग्लस गेला जूनमध्ये, याची नोंदणी त्याच्या आधीची. मग का गेला? त्याचं त्यालाच ठाऊक.

1917 च्या 4 ऑक्टोबरला ब्रूडसाइंडच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा डोक्यात लागला. इथल्याच ऑस्ट्रेलियन फील्ड हॉस्पिटलात त्याच दिवशी गेला. धाकटा भाऊ हेन्री पुढच्या वर्षी.

1924 पासून युरोपात येणारे न्यूझीलंडचे संघ इथे येऊन जातात. दगडावर नेच्याचं पान आहे, न्यूझीलंडच्या सगळ्याच सैनिकांच्या दगडांवर असतं तसं. जन्मगावाचा उल्लेख नाही. वय कोरलंय 41. जन्म 1873 च्या 30 ऑक्टोबरचा, म्हणजे त्रेचाळीस पुरी झालेली.

मित्राला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "वय चुकलंय ना? आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."