सभ्य गृहस्थांचा खेळ

टीव्हीवर एखादा बॉलर बॅट्समनला चार शब्द सुनावताना दिसला की बाबा रिमोट बाजूला ठेवतात. "अरे, हा सभ्य गृहस्थांचा खेळ होता!" मीही लहानपणापासून मान डोलावत आलो. मग एकदा हे गृहस्थ मुळात कोण, ते वाचायला बसलो आणि पंचाईत झाली.

इंग्लंडात 1806 पासून 'जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स' असा सामनाच व्हायचा. खेळायचे पैसे घेत नाही, घरचं खाऊनपिऊन सुखी आहे, तो जंटलमन. पैसे घेणारा नुसता प्लेयर. वागणुकीचा संबंध नाही, सगळा मामला खिशाचा. मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. स्कोअरकार्डावर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाआधी, प्लेयरची नंतर. 1950 साली लॉर्ड्सवर फ्रेड टिटमस या प्लेयरची चुकून आधी छापली गेली, तर चक्क लाउडस्पीकरवरून दुरुस्ती! (आमच्याकडे लग्नपत्रिकेत 'श्री.' राहिलं की काका रुसतात, पण तेवढ्यावर भागतं.) आणि त्या काळचा सगळ्यात गाजलेला इंग्लिश क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस? कागदोपत्री जंटलमन, पण 'खर्चा'च्या नावाखाली भल्याभल्या प्लेयर्सपेक्षा जास्त कमावलं. 1962 साली हा भेद एकदाचा गेला.

हसावं तर पुण्याची गोष्ट आठवते. दलित समाजातले बॉलर पालवणकर बाळू ज्या हिंदू संघाला सामने जिंकून देत, त्याच संघात त्यांचा चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू चालायचा, कप चालायचा नाही. पुढे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभरावर विकेट्स काढल्या. आत कपबशीतून चहा पिणारे घरंदाज, शिकलेले. चारचौघांत सभ्यच म्हणवले जाणारे. तसं बघितलं तर 'सभ्य' शब्दही सभेतूनच आलाय. सभेत बसायला लायक तो सभ्य. कुणाला बसू द्यायचं, ते आधी बसलेले ठरवणार.

हे सगळं बाबांना सांगितलं. "असेल," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

खाली सोसायटीच्या पोरांची मॅच चालली होती. टेनिस बॉल, स्टंप म्हणून विटा. एक आठवी-नववीतली मुलगी बॅटिंग करत होती. कीपरनं कॅच धरला, पण आवाज कुणालाच आला नाही. अंपायर तिच्याच टीममधला. त्यानं बिनधास्त नॉट आउट दिलं. "अरे, कट लागलीय," म्हणत तिनं बॅट पुढच्याच्या हातात दिली.

"शाब्बास! याला म्हणतात जंटलमन!" बाबा वरून ओरडले.

तिनं वर बघितलं, हसली, आणि अंपायरला बाजूला करून स्वतः त्याच्या जागी उभी राहिली.