चित्र तर डोळ्यांनी काढतात, मग अडतं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. श्रवणयंत्र दिसलं की बहुतेकजण हेच विचारतात: गाणं असतं तर गोष्ट वेगळी, चित्रकाराला कानांवाचून काय अडतं?

चित्र काढताना काही अडत नाही. शिकताना अडतं. समोरच्याचं बोलणं मला निम्मंशिम्मं ओठांवरून कळतं, म्हणजे ऐकण्याचं कामही डोळ्यांकडेच. आता वर्गात प्रात्यक्षिक चालू आहे. शिक्षक कॅनव्हासकडे तोंड करून रंग लावतायत आणि लावता लावता सांगतायत, इथे रंग पातळ का घेतला, ही कड ओली असतानाच का पुसली. बाकीचे हात बघत ऐकतात. मला हात बघायचा की ओठ, यातलं एक निवडावं लागतं; आणि ओठ तर पलीकडे वळलेले. कलेच्या इतिहासाचा तास त्याहून वाईट. स्लाइड दाखवायला दिवे मालवले की माझ्यापुरता तास तिथेच संपला.

"पण तो स्पॅनिश चित्रकार गोया? तोही बहिराच होता ना?" असं कुणीतरी म्हणतंच. गोया आजारपणात बहिरा झाला तो १७९२-९३ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याआधीच, १७८९ मध्ये, तो स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार झाला होता. शिक्षण, ओळखी, आश्रयदाते, सगळं ऐकू येत असतानाच जमलं होतं. त्याची थोरवी आहेच. पण विशीतल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण देऊ नये.

पुढे कामाचं म्हणाल, तर प्रदर्शनाचं उद्घाटन बघा. उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी, घुमणारा आवाज. श्रवणयंत्र बोलणाऱ्याबरोबर गलकाही मोठा करतं, आणि माणूस चार पावलं लांब गेला की त्याचे शब्द त्यात बुडतात. नेमक्या त्याच गर्दीत विक्री ठरते, पुढच्या प्रदर्शनाची आमंत्रणं तोंडी दिली जातात. फोन नको, मेसेज करा म्हटलं की मी शिष्ट ठरते. गप्पांच्या घोळक्यात मी हसते ती विनोदाला नव्हे, इतर हसले म्हणून. आणि 'तुम्हाला छान शांतता मिळते' म्हणून हेवा करणाऱ्यांनो, माझ्या कानात सतत शिट्टी वाजत असते.

"मग मोठ्यानं बोलू का?" नको. ओरडलं की ओठांचे आकार बिघडतात. आधी माझ्याकडे बघून सांगा, मग हात दाखवा. स्लाइडच्या वेळी तुमच्या तोंडावर एक दिवा राहू द्या. तासाची टिपणं आदल्या दिवशी मिळाली, तर मग तासाला मला निवांत चित्रं बघता येतील.